तीस अक्षरांचा पत्ता

"झालं!" असं म्हणून ग्रेविननं पिवळी चिठ्ठी भिंतीवरच्या 'करतोय' या रकान्यातून उचलली आणि 'झालं' या रकान्यात चिकटवली, तेव्हा गुरुवारचे सकाळचे दहा वाजले होते आणि ते काम झालेलं नव्हतं.

हे सिनिया बार्केरोला न बघताच कळलं. ग्रेविन 'झालं' म्हणाला की ते निम्मं झालेलं असतं, आणि 'अगदी झालं' म्हणाला की पाऊण. सिनियाचं कामच ते होतं. कंपनीत सगळे सॉफ्टवेअर बनवायचे आणि ती एकटी ते मोडायला बसायची. लोकांच्या हातात जायच्या आधी आपल्या हातात मोडलेलं बरं, असं तिचं म्हणणं. साहेबांचं म्हणणं वेगळं होतं.

साहेब म्हणजे विल्बर्थ. सान रोसेंदो गावात, हार्डवेअरच्या दुकानावरच्या माडीवर त्यांची ही पाच माणसांची कंपनी. दोन वर्षांपूर्वी विल्बर्थ राजधानीला तीन दिवसांच्या शिबिराला गेले आणि येताना एक फ्रेम केलेलं सर्टिफिकेट आणि एक वेड घेऊन आले. तेव्हापासून कंपनीत आठवड्या-आठवड्याचे स्प्रिंट सुरू झाले. सोमवारी चिठ्ठ्या लिहायच्या, रोज सकाळी उभ्यानं बोलायचं आणि शुक्रवारी काही ना काही बाहेर सोडायचंच. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आधी सोडा, मग सुधारा'. पहिल्या दोन शब्दांवर साहेबांचा फार जीव. पुढचे दोन ते सिनियाकडं बघून म्हणायचे.

भिंतीवर 'तपासलं' असा एक रकाना असावा म्हणून सिनियानं चार महिने डोकं आपटलं. शेवटी तो मिळाला, पण जागा उरली होती ती दिव्याच्या बटणाशेजारी. कुणी दिवा लावला की तपासलेलं एखादं काम खाली पडायचं.

त्या आठवड्याचं काम मात्र तिच्या जिव्हाळ्याचं होतं. डोन्या एमिल्से, म्हणजे एमिल्सेबाई, ही सिनियाची माद्रिना, बाप्तिस्म्याच्या वेळी तिला मांडीवर घेतलेली धर्माची आई. एकतीस वर्षं ही बाई नाताळचे तामाल करत आली. मक्याच्या पिठात डुकराचं मांस भरून, केळीच्या पानात बांधून उकडलेले, दोन-दोनची जोडी करून दोऱ्यानं आवळलेले. सान रोसेंदोत नाताळच्या आदल्या संध्याकाळी ताटात एमिल्सेचा तामाल नसेल, तर त्या घरात काहीतरी बिनसलंय असं लोक समजत. पण बाईंचे कान गेले होते. फोनवरून 'बिनडुकराचे' सांगावं तर त्या 'तीन डुकराचे' लिहून घेत. शिवाय घरोघर पोचवणारा पुतण्या दुसऱ्या गावी निघून गेला. यंदा बंदच करते म्हणाल्या.

तेव्हा सिनियाच मध्ये पडली. "माद्रिना, आम्ही ॲप करून देतो. लोक मोबाईलवरून मागवतील, चिठ्ठ्या छापून निघतील. तुम्ही फक्त तामाल करा."

"पोरी, माझं नाव एकतीस वर्षांचं आहे," एमिल्से म्हणाल्या. "एका घरात जरी सणाला तामाल पोचला नाही ना, तर मी चूल विझवीन आणि पुन्हा पेटवणार नाही. सांगून ठेवते."

"मी स्वतः तपासीन. शब्द देते."

तर असा शब्द जाऊन बसला होता, आणि समोर ग्रेविनचं 'झालं' होतं.

सिनियानं पडद्यावर पाहिलं. "हे काय आहे?"

"पत्ता."

"रस्त्याचं नाव, घर नंबर, पिनकोड. हे कुठून आणलंस?"

"तयार मिळालं. बाहेरच्या देशातलं आहे, एकदम भारी."

"ग्रेविन, तुझ्या घराचा नंबर काय?"

"मला काय माहीत!"

"रस्त्याचं नाव?"

ग्रेविननं विचार केला. "आमच्या रस्त्याला नाव आहे?"

"मग तू राहतोस कुठं?"

"रानअंजिराच्या झाडापासून तीनशे मीटर पश्चिमेला, मग पंचवीस उत्तरेला, पांढरी भिंत," ग्रेविननं एका दमात सांगितलं.

"ते झाड तर तोडलंय."

"हो, मी जन्मायच्या आधीच. पण म्हणून काय आम्ही घर हलवायचं?"

त्याचंही खरंच होतं. तिथं सगळे असेच राहतात. कुणी चर्चपासून राहतं, कुणी पूर्वी जिथं सिनेमाघर होतं तिथून शंभर मीटरवर राहतं, आणि पोस्टमनसुद्धा तक्रार करत नाही. नंबर विचारला तर लोक फोनचा देतात.

आवाज ऐकून साहेब आले. "काय अडलंय? एकच चौकट ठेवा की! 'पत्ता' लिहा वर. ज्याला जे लिहायचं ते लिहू दे. ग्रेविन, किती वेळ?"

"अकरा मिनिटं."

"हे बघ, याला म्हणतात चपळाई!"

ग्रेविननं खाली दोन चौकटी होत्या त्या काढून टाकल्या, वरची ठेवली आणि 'रस्त्याचं नाव' पुसून तिच्यावर 'पत्ता' असं लिहिलं. आता एक गोष्ट तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं गोंधळ नको. ज्या देशात ती चौकट बनली तिथं रस्त्यांची नावं आटोपशीर असतात. त्यामुळं तिच्यात काना-मात्रा, मोकळ्या जागा सगळं धरून तीसच अक्षरं मावायची. लिहिताना हवं तेवढं लिहा, ती हूं की चूं करायची नाही. साठवताना मात्र पहिली तीस ठेवायची आणि बाकीची गिळून टाकायची. हे ग्रेविनला माहीत नव्हतं, कारण त्यानं पाहिलं नव्हतं. आणि सिनियाला माहीत नव्हतं, त्याचं कारण पुढं येतंय.

"मला दोन दिवस द्या," सिनिया म्हणाली.

"उद्या शुक्रवार आहे," साहेब म्हणाले. "अर्धा तास देतो."

"साहेब, आणि ऑर्डरमध्ये फोन नंबर कुठाय?"

"पुढच्या स्प्रिंटमध्ये," ग्रेविन म्हणाला.

"आणि हे तारे?"

ग्रेविनचा चेहरा उजळला. तामाल पोचले की ॲप विचारणार होतं, 'सेवा कशी वाटली?' आणि खाली पाच सोनेरी तारे लुकलुकणार होते. त्या लुकलुकण्यावर त्यानं दोन दिवस घालवले होते. "हे अगदी झालंय!"

सिनिया अर्ध्या तासाची तपासणी करायला बसली. बटणं दाबली, चुकीचे आकडे घातले, बिनडुकराचे मागवले. शेवटी पत्ता. एवीतेवी घरची तीस जोड्यांची ऑर्डर द्यायचीच होती, तर तपासणीची तपासणी आणि ऑर्डरची ऑर्डर, एका दगडात दोन पक्षी. तिनं आपलं नाव घातलं आणि पत्ता लिहिला, 'चर्चसमोर, हिरवं दार'. चिठ्ठी छापून पाहिली. सुरेख छापली गेली. तिनं पिवळी चिठ्ठी स्वतःच्या हातानं 'तपासलं' या रकान्यात लावली, आणि पडू नये म्हणून वर टाचणी टोचली.

सबंध सान रोसेंदोत सगळ्यात छोटा पत्ता सिनियाच्या घराचा होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

शुक्रवारी ॲप बाहेर गेलं. दहा दिवसांत एकाहत्तर घरांनी तामाल मागवले. साहेबांनी खूश होऊन दूरच्या अलाहुएला शहरातून मिनोर नावाचा मोटरसायकलवाला आणि त्याचा चुलतभाऊ ठरवला. दोघांना सान रोसेंदोची माहिती शून्य, पण गाडी अशी हाणायचे की बघत राहावं.

चोवीस डिसेंबरला सकाळी साडेनऊ वाजता सिनिया आपल्या हिरव्या दाराशी कॉफी पीत उभी होती. सुट्टीचा दिवस, छान गार वारा सुटलेला. समोर चर्चचा भोंगा खाकरला आणि पाद्रे सालोमोन यांचा आवाज गावभर पसरला.

"बंधुभगिनींनो, गेल्या रविवारी मी प्रवचनात दानाबद्दल बोललो होतो. ते इतकं मनावर घ्याल असं वाटलं नव्हतं. आज सकाळपासून चर्चच्या दारात तामालांची तेवीस गाठोडी आली आहेत! वृद्धाश्रमाच्या आमच्या अठ्ठावीस आजी-आजोबांना आज संध्याकाळी पाच वाजता चर्चच्या सभागृहात तामालांचं जेवण! देव देणाऱ्यांचं भलं करो!"

सिनियानं कप उंबऱ्यावर ठेवला आणि रस्ता ओलांडला. पायऱ्यांवर केळीच्या पानांची गाठोडी रचून ठेवली होती आणि प्रत्येकावर ॲपमधून निघालेली चिठ्ठी होती.

"पाद्रे, ही लोकांची आहेत."

"सगळं लोकांचंच असतं, मुली."

"तसं नव्हे हो. पत्ता चुकलाय."

"तेवीस जणांचा?" पाद्रेंनी चष्मा लावून एक चिठ्ठी वाचली. "'सान रोसेंदो गावच्या चर्चपासून,'. बरोबर आहे की. चर्च हेच आहे."

"पण 'पासून' लिहिलंय, पाद्रे! 'पासून'च्या पुढं काहीतरी असतं!"

पाद्रेंनी चिठ्ठी उलटून पाहिली. मागं काही नव्हतं. सिनियानं दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्या 'चर्चपासून', आणि पुढं कोरा कागद. तिनं काना-मात्रेसकट अक्षरं मोजली. तीस. आणखी एक मोजली. तीस. चूल विझवीन, असं माद्रिना म्हणाल्या होत्या, आणि त्या बोललेलं करणाऱ्या बाई होत्या.

"घेऊन जा बाई, लोकांचं लोकांना दे," पाद्रे म्हणाले. "पण मी भोंग्यावरून बोलून बसलोय. अठ्ठावीस म्हातारी माणसं पाच वाजता येऊन बसतील. त्यांना काय सांगू? भोंगा चुकला म्हणून?"

"तुमचं मी वेगळं पाठवते, पाद्रे. शब्द देते!"

त्या महिन्यातला तिचा हा दुसरा शब्द. पहिल्याचे कसे धिंडवडे निघालेत हे अजून नीट कळायचं होतं. तिनं मिनोरला फोन लावला.

"मिनोर, चर्चमध्ये का ठेवलीस रे गाठोडी?"

"चिठ्ठीवर चर्च लिहिलंय ना, ताई."

"आणि बाकीची?"

"पंचवीस अजून डोन्या एमिल्सेंच्या अंगणातच आहेत. चौदा सिनेमाघरापाशी. तिथं आता दातांचा दवाखाना आहे. दवाखाना बंद, म्हणून पायरीवर ठेवली. आणि नऊ त्या रानअंजिराच्या झाडाखाली."

"तिथं झाड नाहीये!"

"तेच तर! अर्धा तास झाड हुडकलं. मग एक आजोबा म्हणाले, झाड बरोब्बर इथंच होतं. मग तिथंच ठेवली."

"कुठं, रस्त्यावर?"

"कडेला हो. एक कुत्रं बसलंय शेजारी. राखण करतंय वाटतं."

सिनियानं डोळे मिटले. "मिनोर, सगळी गाठोडी उचल आणि माद्रिनाच्या अंगणात परत आण. पहिली ती कुत्र्याजवळची. आणि यापुढं चिठ्ठीवरच्या पत्त्यावर अजिबात विश्वास ठेवायचा नाही. तो अर्धाच असतो. कळलं? अर्धाच!"

"कळलं. अर्धाच."

मग तिनं साहेबांना फोन केला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "घाबरायचं नाही. आधी सोडलं, आता सुधारू. ग्रेविनला सांगतो."

ग्रेविननं चार मिनिटांत तिसाचे तीनशे केले आणि कळवलं, "झालं!" खरोखर झालं होतं. त्या क्षणानंतर कुणी पत्ता लिहिला असता तर तो अख्खा मावला असता. पण चोवीस तारखेला सकाळी दहा वाजता नव्यानं तामाल कोण मागवतंय? आधीच्या एकाहत्तरांची गिळलेली अक्षरं काही परत येणार नव्हती. वरातीमागून घोडं ते हे. शिवाय घाईत बंद करून पुन्हा चालू करताना ॲपला काय वाटलं कोण जाणे, त्यानं एकाहत्तरच्या एकाहत्तर घरांना निरोप धाडला, 'तुमचे तामाल दारात पोचले आहेत. गरम असतानाच खा!'

लोकांनी दारं उघडली. दारात काही नाही. पूर्वेकडच्या गल्लीत एका बाईनं शेजारणीच्या मांजरावर आळ घेतला. शेजारीण म्हणाली, माझं मांजर तामाल खात नाही, त्याला तुमच्या घरचं काहीच चालत नाही. पलीकडच्या आळीत दोन सख्खे भाऊ तीन वर्षांनी एकमेकांशी बोलले, आणि बोलले ते हेच, की माझे तामाल दे.

"सगळ्यांना निरोप पाठवा," साहेबांनी फर्मान काढलं. "म्हणावं, कृपया पत्ता पुन्हा कळवा."

निरोप गेला. उत्तरं भराभर आली. चाळीस जणांनी लिहिलं, 'नेहमीचाच.' अकरा जणांनी लिहिलं, 'डोन्या एमिल्सेंना माहीत आहे.' एकानं लिहिलं, 'तिथंच, जिथं दर वर्षी देता, आणि मांजराचं काय ते बघा.' उरलेल्यांनी उत्तर दिलं नाही, ते दारात उभे होते.

आता एमिल्सेंना सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सिनिया त्यांच्या अंगणात शिरली तेव्हा मिनोर आणि त्याचा भाऊ गाठोडी उतरवत होते. एमिल्सेंच्या मदतीला आलेल्या भाच्या पहाटेपासून चिठ्ठ्या चिकटवून दमून बसल्या होत्या. चुलीवरचं शेवटचं पातेलं उतरलं होतं. पीठ संपलं होतं.

"हे परत का आले गं?" एमिल्सेंनी विचारलं.

सिनियानं सांगितलं. कानात ओरडून सांगावं लागलं, त्यामुळं दोन घरं पलीकडंही कळलं. तीस अक्षरं, चर्च, कुत्रं, सगळं. "माझी चूक आहे, माद्रिना. मी शब्द दिला होता आणि मीच नीट बघितलं नाही. मी माझाच पत्ता घालून बघितला." एवढं बोलून ती गाठोड्यांशेजारी मटकन बसली आणि तिला रडू फुटलं.

एमिल्सेंनी हात एप्रनला पुसले.

"चिठ्ठीवर नाव आहे का?"

"आहे."

"मग रडतेस काय मेले! वाच."

"काय?"

"नाव वाच गं, मोठ्यानं!"

"ओफेलिया चिंचिया."

"बिनडुकराचे, तिला पित्त आहे. चर्चपासून दोनशे दक्षिणेला, पंचवीस पूर्वेला, निळं फाटक. फाटक आत ढकलायचं नाही, बाहेर ओढायचं. लिही."

सिनियानं पेन काढलं आणि चिठ्ठीवर लिहिलं.

"एलादियो उमान्या."

"दोन आहेत. लंगडा की सासऱ्याकडं राहतो तो?"

"बारा जोड्या."

"सासऱ्याकडचा. सिनेमाघरापासून शंभर पश्चिमेला, पण सासऱ्याला कळता कामा नये, मागच्या दारानं दे."

एकाहत्तर नावं. एमिल्सेंचा हात एकदाही कपाळाला गेला नाही. कुठल्या घरात कुत्रं सोडलेलं असतं, कुणाची घंटा बिघडलीय, कोण दारू पिऊन दोनदा घेतं आणि नाही म्हणतं, सगळं तोंडपाठ. मध्येच म्हणाल्या, "हे मला आधी का नाही विचारलंत गं?"

"आम्हाला वाटलं, ॲप म्हणजे लवकर होईल."

"लवकर! पोरी, पीठ घोटायला तीन तास लागतात ते लागतातच. तिथं मी पोपलाही घाई करू देणार नाही. एकदा पीठ झालं की बांधायला मात्र मी कुणाच्या बापासाठी थांबत नाही. तुमचं उलटं झालंय. घोटायला अकरा मिनिटं आणि आता बांधत बसलात दिवसभर."

सिनियानं पुढची चिठ्ठी घेतली. ती तिचीच होती. 'सिनिया बार्केरो. चर्चसमोर, हिरवं दार.'

"ती राहू दे," एमिल्से म्हणाल्या. "तुझा पत्ता बरोबरच आहे. त्यावर काय लिहायचं?"

बरोबरच होता. सिनियानं ते मोठं गाठोडं तसंच बाजूला सरकवलं.

एक वाजता गाड्या पुन्हा निघाल्या. "मिनोर, नीट ऐक," सिनिया म्हणाली. "पेनानं लिहिलंय तोच खरा पत्ता. छापलेलं वाचायचं नाही. आणि हो, चर्चचं वेगळं जायचंय, माझ्या नावानं. पाद्रेंना शब्द दिलाय."

"तुमच्या नावानं, चर्चला. ठीक!"

पाद्रेंचे तामाल आणायचे कुठून, हा विचार तिच्या मनात डोकावला होता. पण तेवढ्यात सासऱ्याकडच्या एलादियोचा निरोप आला की मागचं दार बंद आहे, आणि मग दातांच्या दवाखान्यासमोरच्या आजींचा, आणि तो विचार जो मागं पडला तो पडलाच. हे काम कुठल्याच चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं, दुसरं काय!

साडेतीनपर्यंत गावात शांतता पसरली. मांजराची माफी मागितली गेली. दोन भाऊ बोलायला लागलेच आहेत तर बोलत राहिले. ॲपमध्ये एकामागून एक हिरवी खूण उमटत गेली, आणि साडेचारला साहेबांचा निरोप आला, 'एकाहत्तरपैकी एकाहत्तर पोचले! शाब्बास! बघितलंस ना, आधी सोडा, मग सुधारा!' ग्रेविननं नाचणाऱ्या डुकराचं चित्र पाठवलं. एमिल्सेंच्या भाचीनं कळवलं, 'मावशी म्हणते, पुढच्या वर्षी चूल पेटणार.'

ते वाचून सिनियाचे डोळे पुन्हा भरून आले. दिवसभरात पहिल्यांदा तिला भूक लागली.

घरी आईनं मोठं टेबल मांडलं होतं. मामा, माम्या, त्यांची पोरं धरून चौदा माणसं येऊन बसली होती. सिनिया हात-तोंड धुऊन आली.

"आण," आई म्हणाली.

"काय आण?"

"तामाल! तीस जोड्या मागवल्यात ना आपण?"

"आले नाहीत?"

"कुठून येतील? सकाळपासून मी दाराकडं बघतेय."

सिनियानं फोन काढला. तिच्या ऑर्डरवर हिरवी खूण होती. पोचले, चार वाजून दहा मिनिटं. तिनं दार उघडून उंबऱ्यावर पाहिलं. तिथं सकाळचा कॉफीचा कप होता. तेवढ्यात समोरचा भोंगा खाकरला.

"बंधुभगिनींनो, आज सकाळी थोडा गोंधळ झाला, पण शब्द पाळणारी माणसं गावात अजून आहेत. आपल्या आजी-आजोबांना तामालांच्या तब्बल तीस जोड्या अर्पण करणाऱ्या, चर्चसमोरच राहणाऱ्या सिनिया बार्केरो यांचे आणि त्यांच्या उदार मातोश्रींचे मी मनःपूर्वक आभार मानतो!"

मातोश्रींनी सिनियाकडं पाहिलं.

"तू दिलेस?"

"नाही गं, आई! म्हणजे, शब्द दिला होता, पण..." तिनं मिनोरला फोन लावला. "मिनोर, माझं गाठोडं कुठं दिलंस?"

"चर्चला, तुमच्या नावानं. तुम्हीच म्हणालात की."

"अरे, त्यावर माझ्या घराचा पत्ता होता! चर्चसमोर, हिरवं दार!"

"ताई, तुम्हीच म्हणालात, छापलेलं वाचायचं नाही, पत्ता अर्धाच असतो. पेनानं तर त्यावर काहीच लिहिलं नव्हतं."

"कारण तो पूर्ण होता रे! गावात तेवढा एकच पूर्ण होता!"

"मग तसं तरी पेनानं लिहायचं होतं ना," मिनोर म्हणाला. त्याचं काही चुकत नव्हतं.

आई अजून बघत होती. "तू तपासलं होतंस ना?"

"तपासलं होतं. आपलं तेवढं बरोबर निघालं होतं, आई."

"चला सगळे," आई उठली आणि तिनं शाल खांद्यावर टाकली. "मला उदार म्हणालेत भोंग्यावरून. आता निदान एक जोडी तरी मी खाणारच."

चौदा माणसं रस्ता ओलांडून सभागृहात गेली. पाद्रेंनी आनंदानं आणखी बाकं मांडली. अठ्ठावीस आजी-आजोबा एकेका जोडीवर ओणवे झाले होते, आणि तीसमधल्या दोन जोड्या उरल्या होत्या. एक आईच्या पुढ्यात आली, ती माम्यांनी वाटून घेतली. दुसरी पाद्रेंनी सिनियापुढं ठेवली. "दात्यांसाठी!" पानावर चिठ्ठी होती. 'सिनिया बार्केरो. चर्चसमोर, हिरवं दार.' अक्षरं ठळक, एकही गिळलेलं नाही. सिनियानं दोरा सोडला, एक तामाल मामांच्या पोरांपुढं सरकवला आणि दुसऱ्याचं पान उलगडलं. वाफ निघत होती.

फोन वाजला. ॲप विचारत होतं, 'तामाल पोचले. सेवा कशी वाटली?' खाली पाच सोनेरी तारे लुकलुकत होते, अगदी न चुकता.

सिनियानं एक घास खाल्ला. माद्रिनाच्या हाताला यंदाही तोड नव्हती. तिनं बोट लावून चार तारे दिले. पाचवा पुढच्या स्प्रिंटमध्ये.